पुढच्या चाकांपुरती साखळी

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोटारींच्या सुट्या भागांची दुकाने ओळीने आहेत. त्यांतल्या एका दुकानातून गेल्या नोव्हेंबरात मी बर्फात पकड मिळावी म्हणून टायरला बांधायच्या साखळ्यांची एक जोडी ३,८०० रुपयांना घेतली. दुकानदाराने ती आणायला पोऱ्याला गोदामाकडे पिटाळले आणि तो परत येईपर्यंत मला विचारले, "शूटिंगला पाहिजे का?" मुंबईत बर्फाची साखळी मागणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल याहून वेगळा अंदाज बांधणे त्याला अवघडच होते. मी स्वतःच्या गाडीने मनालीला जाणार आहे हे ऐकल्यावर त्याने खोक्यावरची धूळ फडक्याने पुसली, टायरचा आकार दोनदा विचारून घेतला आणि एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, हेही त्याच दमात सांगून टाकले.

दुकानाचे किंवा साखळी बनवणाऱ्याचे नाव मी येथे लिहीत नाही. या प्रकारच्या साखळ्या सारख्याच असतात, खोकी तेवढी वेगवेगळी असतात, आणि पुढे जे बरेवाईट लिहिले आहे ते या प्रकाराला उद्देशून आहे. प्रकार शिडीचा, म्हणजे टायरच्या आतल्या व बाहेरच्या कडेने फिरणाऱ्या दोन लांब साखळ्या आणि त्यांना शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडणारे, टायरच्या रुंदीवर आडवे बसणारे तुकडे. डायमंड म्हणून ओळखला जाणारा प्रकार चौकटीच्या जाळीसारखा असतो. त्यात रस्त्याशी संपर्क अधिक सलग राहतो आणि हादरे कमी बसतात, पण माझ्या टायरच्या मापात तो त्या दुकानात नव्हता. आमची गाडी सहा वर्षे जुनी, बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. टायर १६५/८० आर १४, ताकद फक्त पुढच्या चाकांना, ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा आहे, घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्या थोड्याफार फरकाने अशाच असल्यामुळे हा अभिप्राय इतरांच्याही उपयोगी पडावा.

खोक्यात दोन साखळ्या, ताण देण्यासाठी दोन रबरी कडी, पातळ हातमोजे आणि एक घडीचा कागद होता. त्या कागदावरची चित्रे इतकी बारीक होती की साखळीचा आतला आकडा कोणता आणि बाहेरचा कोणता, हे भिंगाखाली धरूनही मला कळले नाही. म्हणून मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या आवारात एका रविवारी सकाळी मी साखळी बांधून पाहायला बसलो. पहिल्या खेपेस एका चाकाला सत्तेचाळीस मिनिटे लागली. चूक साधी होती. आतल्या बाजूचा आकडा आधी अडकवून मगच बाहेरची बाजू ओढायची असते. मी उलटे करत होतो, त्यामुळे दर वेळी आतली साखळी सुटून चाकामागे लोंबत होती. पाचव्या खेपेला वेळ चौदा मिनिटांवर आला, तेव्हा वॉचमनकाकांनी टाळी वाजवली. पुढे मनालीच्या वर, उणे चार अंशांत, बोटांची जाणीव गेलेली असताना हेच काम पंचवीस मिनिटांत झाले. आवारात पाच वेळा हात बसला नसता तर ते झालेच नसते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. साखळी घेतली आणि खोके न उघडता डिकीत टाकले, असे करणारी दोन कुटुंबे आम्हाला वाटेत भेटली. त्यांची साखळी शेवटी दुसऱ्यांनीच पैसे घेऊन बांधली.

या सरावाचा आणखी एक फायदा झाला. साखळी बांधल्यावर स्टेअरिंग दोन्ही बाजूंना अगदी टोकापर्यंत फिरवून पाहायचे असते, कारण पुढचे चाक वळते आणि वळताना ते सस्पेन्शनच्या दांड्याला व ब्रेकच्या नळीला किती जवळ जाते, हे सरळ उभ्या गाडीत दिसत नाही. डावीकडे पूर्ण वळवल्यावर आमच्या साखळीचा मोकळा राहिलेला शेपूट मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला घासत होता. तो तारेने बांधून टाकला. रस्त्यावर हे लक्षात आले असते तर प्लास्टिक फाटून गेले असते.

आता साखळी पुढच्याच चाकांना का, या प्रश्नाकडे वळतो, कारण माझ्या अनुभवातले गुण आणि दोष दोन्ही तेथूनच निघतात. आमच्यासारख्या गाडीचे इंजिन, गिअरबॉक्स आणि ताकद मिळणारी चाके हे सगळे पुढे असते. सुमारे ९०० किलोच्या रिकाम्या गाडीतले साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढच्या टायरांवर पडते. बर्फावर टायरची पकड मुळातच तुटपुंजी असते, आणि जी काही असते ती त्यावर पडणाऱ्या भारानुसार मिळते. त्यामुळे मागच्या चाकांवर चालणाऱ्या रिकाम्या गाडीपेक्षा ही छोटी गाडी सपाट बर्फावर अधिक समजूतदारपणे वागते. टायर अरुंद असणे हीदेखील येथे उणीव ठरत नाही. अरुंद टायर ताज्या भुसभुशीत बर्फात रुतून खालच्या घट्ट थराला टेकतो, रुंद टायर मात्र वरच तरंगत राहतो. कोरड्या रस्त्यावर मिरवणाऱ्या रुंद टायरांच्या गाड्या सोलंगच्या वाटेवर जागीच चाके फिरवत उभ्या असलेल्या पाहून मला थोडा क्षुद्र आनंद झाला, हे कबूल करतो.

चढावर हा फायदा आटतो. गाडीचे नाक वर झाले की वजन मागे सरकते आणि जी चाके ओढणार तीच हलकी होतात. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणाचा गुणांक, म्हणजे पकडीचे माप, साधारण ०.२ धरला, तर साखळीशिवाय अशी गाडी कागदावर दहा-अकरा टक्क्यांचा चढ जेमतेम चढेल, आणि गुळगुळीत गोठलेल्या पाण्यावर त्याच्या निम्माच. पहाडी वळणांवरचा चढ याहून तीव्र सहज असतो. पूर्वी अशा जागी लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवत, कारण तसे केल्यावर ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात आणि वजन त्यांच्यावर पडते. युक्ती खरी आहे, पण मागेपुढे टॅक्स्यांची रांग लागलेल्या रस्त्यावर ती करून पाहण्याची माझी छाती झाली नाही.

मनालीहून लाहौलकडे नेणाऱ्या अटल बोगद्याचे दक्षिणेकडचे तोंड सुमारे २५ किलोमीटरवर आहे. नेहरू कुंड, पलचान, सोलंग, धुंडी अशी वाट, आणि मनालीच्या दोन हजार मीटरपासून बोगद्याच्या तीन हजारांपर्यंत सततचा चढ. ताजा बर्फ पडला की पोलीस नेहरू कुंडापाशी किंवा सोलंगपाशी गाड्या अडवतात आणि फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या, किंवा साखळी बांधलेल्या गाड्यांनाच वर सोडतात. परिस्थिती बिघडली तर त्यांनाही नाही. २०२४ च्या डिसेंबरात सोलंग आणि बोगदा यांच्यामध्ये हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकून पडल्या होत्या आणि त्या काढायला पोलिसांना रात्र घालवावी लागली होती. तेव्हापासून ही तपासणी कुणाला जाच वाटत असेल असे मला वाटत नाही. आमच्या वेळी पलचानच्या पुढे रस्ता पांढरा झाला होता. जागा रुंद पाहून गाडी कडेला घेतली, गोणपाट अंथरून त्यावर गुडघे टेकले आणि मी व माझा मेहुणा मिळून दोन्ही चाकांना साखळ्या चढवल्या. खोक्यातले हातमोजे पहिल्या दोन मिनिटांत भिजले. मुंबईहून निघताना बायकोने भांडी घासण्याचे रबरी मोजे पिशवीत टाकले होते, ते लोकरी मोज्यांवर चढवल्यावर काम सुरू झाले. हे मोजे साखळीच्या खोक्यातच असायला हवेत.

साखळी बांधल्यावर पन्नास-शंभर मीटर चालवून पुन्हा थांबायचे आणि ढिली झालेली बाजू आवळायची, हा नियम आम्ही पाळला. त्यानंतरच्या चढाबद्दल मात्र साखळीची स्तुतीच करावी लागेल. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये उचलायची, क्लच अलगद सोडायचा, अॅक्सिलरेटरवर पाय नुसता टेकलेला असू द्यायचा. एवढे केले की आडवे तुकडे एकामागून एक बर्फात रुततात आणि गाडी कुरकुर करत, पण ठामपणे वर सरकते. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर गाडी रेंगाळवण्याची आपल्याला जी सवय असते, तिचा येथे पहिल्यांदाच चांगला उपयोग झाला. पहिला गिअर टाकून रेस केली की चाक जागीच फिरते, खालचा बर्फ घासून गुळगुळीत होतो आणि पुढच्या प्रयत्नाची शक्यता आणखी कमी होते. आमच्या पुढे अडकलेल्या एका गाडीच्या चालकाने हेच इतक्या चिकाटीने केले की चाकाखाली काचेसारखा खळगा तयार झाला होता. आमचे गोणपाट चाकाखाली घातल्यावर ती निघाली. गोणपाट अर्थात फाटले.

वर जाताना माझा आत्मविश्वास जितका वाढला, तितकाच तो खाली येताना चुकीचा ठरला.

थांबण्याचे अंतर हा विषय खोक्यावर कोठेही नाही, म्हणून तो येथे आकड्यांत मांडतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यापासून सुमारे ८ मीटरमध्ये उभी राहते. घट्ट बर्फावर त्याच गाडीला साधारण ३० मीटर लागतात आणि गोठलेल्या पाण्याच्या थरावर ६० हून अधिक. वेग ताशी २० वर आणला की अंतर निम्मे होत नाही, चौपटीने कमी होते. म्हणजे बर्फावर ८ आणि गोठलेल्या थरावर १६ मीटर. पहिल्या पावसात पूर्व द्रुतगती मार्गावर तेल आणि धूळ मिसळून रस्ता निसरडा होतो, तेव्हा आपण जरा जपून चालवतो, पण तो निसरडेपणा आणि हा, यांच्यात तुलना नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे बर्फ सर्वांत निसरडा शून्य अंशाच्या आसपास असतो, कारण तेव्हा त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो. उणे पंधराला तो उलट थोडी पकड देतो. दुपारी उन्हाने वितळलेले पाणी रस्त्यावर पसरते आणि सूर्य डोंगराआड गेला की ते गोठते. हा थर पारदर्शक असतो, खालचे काळे डांबर त्यातून दिसते, आणि रस्ता नुसता ओला आहे असे वाटते. तिकडचे टॅक्सीवाले याला 'पाला' म्हणतात आणि ताज्या बर्फापेक्षा त्यालाच भितात.

दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास धुंडीहून सोलंगकडे उतरताना आम्ही अशाच एका सावलीतल्या वळणावर आलो. वेग पंधराच्या आसपास, दुसरा गिअर, साखळ्या पुढच्या दोन्ही चाकांना. वळणात शिरल्यावर समोर एक टॅक्सी थांबलेली दिसली, आणि मी ब्रेकवर पाय ठेवला. दाबला असेही म्हणता येणार नाही. पुढची चाके जमिनीला चिकटल्यासारखी धरली. मेहुणा मागच्या सीटवर होता, तो शांतपणे म्हणाला, "दाजी, मागची बाजू येतेय." मला ते आधी कळले नाही. मग मघाशी डाव्या खिडकीतून दिसणारी दरी समोर दिसू लागली, म्हणजे गाडी वळली होती, मी वळवलेली नव्हती. मी ब्रेक आणखी दाबला, जी माझी चूक होती. मागचे टोक उजवीकडे डोंगराच्या बाजूला झुकत गेले आणि कडेला साचलेल्या बर्फाच्या भिंतीत घुसून थांबले. आवाज झाला तो पोत्यावर पोते पडल्यासारखा. मागच्या बंपरची एक क्लिप निघाली, इतर काही झाले नाही. मेहुण्याने दार उघडायचा प्रयत्न केला, पण बर्फामुळे ते चार बोटांपलीकडे उघडेना. समोरच्या टॅक्सीचा चालक उतरून आला, त्याने चाकांकडे पाहिले आणि मला विचारले, "पीछे चेन क्यों नहीं डाली?"

त्याच्या प्रश्नात या वस्तूचे खरे परीक्षण आहे. उतारावर वजन पुढे जाते, मागची चाके हलकी होतात. पुढच्या चाकांना साखळीमुळे भरपूर पकड मिळालेली असते, मागच्यांना उन्हाळी टायरची नगण्य पकड असते. ब्रेक लावला की पुढचा भाग थांबतो, मागचा थांबत नाही, आणि वळणात तो पुढच्याला ओलांडू पाहतो. साखळी नसती तर चारही चाके सारखीच घसरली असती आणि गाडी सरळ पुढे गेली असती, जे अर्थात अधिक वाईट होते. पण गाडी स्वतःभोवती फिरण्याची ही शक्यता साखळीनेच निर्माण केलेली आहे. इंजिनाचा ब्रेक म्हणून आपण घाटात खालचा गिअर टाकतो, तोही या गाडीत फक्त पुढच्या चाकांवर लागतो, म्हणून गिअर अचानक उतरवण्याचा परिणाम हलक्या ब्रेकसारखाच होतो. हँडब्रेक मागच्या चाकांवर लागतो, त्याला वळणात हातही लावू नये. खंडाळा किंवा कसारा घाटात जी सवय आपल्याला सुरक्षित ठेवते, ती येथे वळणाच्या आधी, सरळ रस्त्यावरच वापरून संपवावी लागते: पहिला गिअर आधीच टाकायचा, वेग आधीच चालण्याइतका करायचा आणि वळणात ब्रेकला स्पर्श करायचा नाही. मागची बाजू निघालीच तर ब्रेक सोडायचा, ती ज्या बाजूला जाते त्या बाजूला स्टेअरिंग द्यायचे आणि अॅक्सिलरेटर किंचित द्यायचा, म्हणजे पुढची चाके गाडीला ओढून सरळ करतात. वाचायला सोपे आहे. त्या क्षणी माझा पाय ब्रेकवरच गेला, कारण तो वीस वर्षे तेथेच जात आलेला आहे.

तिसऱ्या दिवशी आम्ही सामानाच्या दोन जड बॅगा हॉटेलवर न ठेवता डिकीत ठेवल्या आणि मागच्या चाकांसाठी एक जुनी जोडी भाड्याने घेतली. त्याचे एका दिवसाचे बाराशे रुपये पडले. चार साखळ्यांवर गाडी उतारालाही सरळ राहिली. साडेसात हजारांहून अधिक रुपये खर्चूनही कुणी हीच जोडी दुहेरी घेणार असेल तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

आता तक्रार. या साखळीच्या उजव्या चाकाचा एक आडवा तुकडा त्याच तिसऱ्या दिवशी तुटला आणि सुटलेले टोक दर फेऱ्याला मडगार्डच्या आत फटका मारू लागले. आम्ही दहा-बारा फटक्यांत थांबलो, तरी आतले प्लास्टिक तळहाताएवढे फाटले. याचा दोष साखळीवर पूर्ण टाकता येत नाही, आणि त्याला कारण अटल बोगदा आहे. ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालेला हा बोगदा ९.०२ किलोमीटर लांबीचा आहे. आमच्या दिवशी त्याच्या दोन्ही तोंडांशी बर्फ होता आणि आत रस्ता कोरडा. साखळी कोरड्या रस्त्यावर चालवायची नसते. पण तोंडाशी काढायची, पलीकडे लाहौलच्या बाजूला पुन्हा बांधायची, परतताना पुन्हा तेच, म्हणजे चार वेळा काढघाल, आणि आत तर थांबायची सोयच नाही. आम्ही आळस केला आणि ताशी तिसाच्या वेगाने साखळीसकट आत शिरलो. अठरा मिनिटे तो आवाज चालला होता. गाडीत कुणी कुणाशी बोलू शकत नव्हते. आमच्या टायरचा परीघ दोन मीटरला जरा कमी आहे, म्हणजे एका बाजूच्या प्रवासात प्रत्येक आडवा तुकडा साडेचार हजारांहून अधिक वेळा रस्त्यावर आपटला, आणि परतीच्या वाटेवर पुन्हा तितकाच. संध्याकाळी हॉटेलवर पाहिले तर कड्यांच्या बाहेरच्या बाजू चपट्या होऊन चकाकत होत्या. तुटलेले कडे त्यांतलेच एक. तरीही माझे म्हणणे असे की दोन फेऱ्यांत कडे तुटावे इतके ते मऊ नसावे, आणि खोक्यावर वेगाची मर्यादा ताशी ५० लिहिताना कोरड्या रस्त्याबद्दल एक ओळ लिहायला हवी होती. दोन रबरी कड्यांपैकी एक पहिल्याच दिवशी थंडीने कडक होऊन तडकले होते. त्याऐवजी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी वापरली, ती शेवटपर्यंत टिकली.

पर्यायांबद्दल थोडक्यात. नायलॉनच्या पट्ट्या, ज्या टायरभोवती केबल टायप्रमाणे आवळतात, त्या मी आधी ऑनलाइन मागवल्या होत्या; त्या सोलंगलाच अर्ध्या तासात तुटल्या, त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. कापडी मोज्यांसारखी टायरची आवरणे चढवायला सोपी असतात आणि अडकलेली गाडी काढायला पुरेशी, पण डांबर लागले की भराभर झिजतात. खरा इलाज हिवाळी टायरांचा. नेहमीच्या टायरचे रबर साधारण ७ अंशांखाली ताठर होत जाते आणि पकड सोडते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते, त्याच्या नक्षीत बारीक चिरा असतात आणि कडेवर डोंगर व हिमकण यांचे चिन्ह असते. असे चारही टायर घातले की मागच्या-पुढच्या पकडीतला तो फरकच उरत नाही. पण सांताक्रूझला आजवर नोंदले गेलेले सर्वांत कमी तापमान ७.४ अंश आहे, तेही २२ जानेवारी १९६२ चे. ज्या शहरातल्या टायराला ७ अंशांची रेषा एकदाही ओलांडावी लागलेली नाही, त्या शहरात माझ्या मापाचे हिवाळी टायर मला कोणी आणून देईना, यात आश्चर्य नाही, आणि दहा दिवसांच्या सहलीसाठी ते घेणे परवडणारेही नाही. उरतो पर्याय मनालीहून फोर बाय फोर टॅक्सी करण्याचा. एकदाच वर जायचे असेल तर तोच शहाणपणाचा. मात्र फोर बाय फोर गाडी चढते चांगली, थांबताना तीही चारच टायरांवर थांबते, हे तिचा चालक विसरलेला दिसला तर तसे सांगायला कचरू नये.

साखळी कितीही चांगली असली तरी गाडी सकाळी सुरू व्हायला हवी. निघण्यापूर्वी मी रेडिएटरमधले पाणी तपासून घेतले, तेव्हा कळले की नेहमीच्या गॅरेजमध्ये कूलंट म्हणून वर्षानुवर्षे नुसते पाणीच भरले जात होते. मुंबईत त्याने काही बिघडत नाही. उणे आठला ते गोठून फुगले असते आणि इंजिनाला तडा गेला असता. पाणी आणि कूलंट अर्धे-अर्धे भरले की ते उणे पस्तिसापर्यंत गोठत नाही. रात्री हँडब्रेक न ओढता गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, नाहीतर ओले ब्रेक गोठून चिकटतात. वायपर काचेवरून उचलून ठेवावेत. हे तिकडच्या हॉटेलचा पोऱ्याही न विचारता सांगतो.

परत आल्यावर साखळ्या धुऊन, वाळवून, तेलाचे फडके फिरवून ठेवाव्या लागल्या, कारण मुलुंडच्या दमट हवेत आठवडाभरातच आडव्या तुकड्यांवर गंज दिसू लागला होता. तुटलेले कडे जोडायला मी त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने ते हातात घेऊन पाहिले, मनालीला खरेच गेला होतात का असे विचारले आणि कडे सुटे मिळत नाही म्हणाला. शेवटी भांडुपच्या एका वेल्डरने पन्नास रुपयांत जोडून दिले. आमच्या मजल्यावरचे शेजारी फेब्रुवारीत सिमल्याला जाणार आहेत आणि त्यांनी साखळ्या मागितल्या होत्या, पण त्यांच्या गाडीचे टायर २१५/६० आर १६ आहेत, त्यांवर ही साखळी बसणारच नाही. त्यांना मी रबरी मोजे आणि एक नवे गोणपाट दिले आहे, आणि येत्या रविवारी आवारात आपली साखळी घेऊन उतरायला सांगितले आहे.